बिनतापाचे सहा महिने

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दोन प्रकारची असतात, असं खालीवरचं मत होतं. एक दारावर बुक्क्या मारणारी आणि दुसरी देवाचा धावा करणारी. त्याला पहिली बरी वाटत. ती निदान ऐकू येईल अशा कुणावर तरी चिडलेली असतात.

खालीवर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो वर्षानुवर्षं मेकॅनिक होता. एकदा पगारवाढीचा विषय निघाला तेव्हा तो म्हणून गेला, "जन्मभर खाली-वर केलं, पण पगार आपला तळमजल्यावरच अडकलाय." साहेबांसकट सगळे हसले. पगार होता तिथंच राहिला, नाव मात्र चिकटलं. बायको सोडली तर सगळे त्याला खालीवर म्हणत. बायको 'अहो' म्हणे.

लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून ये-जा करते त्याला शाफ्ट म्हणतात. चारी बाजूंनी भिंती, मिट्ट काळोख, ग्रीसचा वास आणि पायाखाली लिफ्टचं टप. दुसऱ्या कुणाचा तिथं जीव गुदमरला असता. ह्या बाबाला तिथंच मोकळं वाटे. रस्त्यावर, लग्नकार्यात, दुकानाच्या गर्दीत तो अवघडून उभा राही. टपावर चढला की त्याचे खांदे सैल पडत. वरून खाली येताना पोलादी रोप कुठं कुरकुरतो, कुठल्या मजल्यावर लिफ्ट गाइडच्या रुळाला घासते, हे तो डोळे मिटून सांगे आणि मग दिव्याच्या उजेडात बोट ठेवून दाखवी. त्याचा जोडीदार जाड्या ह्या सगळ्याला 'खालीवरची समाधी' म्हणायचा. जाड्या काडीसारखा बारीक होता, म्हणूनच त्याचं नाव जाड्या.

जाड्याशी त्याचं भांडण एकाच गोष्टीवरून होई. लिफ्ट बिघडली की मशीनच्या खोलीतल्या पॅनेलवर चूक दाखवणारा लाल दिवा लागतो. आळशी मेकॅनिक काय करतो, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करतो. लाल दिवा जातो, लिफ्ट धावायला लागते, मेकॅनिक चहा प्यायला मोकळा. दोन दिवसांनी तीच लिफ्ट पुन्हा बंद. खालीवरला हे सहन होत नसे. "दिवा विझवलास म्हणजे बिघाड गेला काय रे? लोकांचे जीव आहेत आत!" असं तो जाड्याला चारचौघांत सुनवायचा. जाड्या मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि चहा प्यायचाच.

आजाराची सुरुवात खाजेनं झाली. आधी तळहात, मग पाय, मग सगळं अंग. कंपनीनं तेव्हा नुकतंच नवं ग्रीस आणलं होतं, त्यामुळं गुन्हेगार आयताच सापडला. खालीवरनं ग्रीसवाल्याला फोनवर असा झापला की तो बिचारा म्हणाला, "साहेब, आमचं ग्रीस लोखंडालासुद्धा चावत नाही हो." पुढं लघवी चहासारखी झाली तेव्हा पाणी कमी पितोय असं त्यानं ठरवलं. शाफ्टमधल्या पिवळ्या दिव्यात सगळेच पिवळे दिसतात, तेव्हा जाड्याच्याही काही लक्षात आलं नाही. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत उन्हाला बसला असताना बायकोनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "अहो, डोळे बघू तुमचे," म्हणाली आणि तशीच चपला घालायला गेली.

यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून पित्ताच्या दोन नळ्या निघतात आणि खाली येऊन एक होतात. त्या जिथं एक होतात, नेमकी तिथं गाठ होती. कॅन्सरची. दुखत नव्हती, हीच तिची लबाडी. सर्जन उंच, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. अर्ध्याहून जास्त यकृत काढावं लागेल, नळी काढावी लागेल, आतडं वर ओढून उरलेल्या नळीला शिवावं लागेल, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो, हेही सांगितलं. सगळं नीट झालं तरी गाठ परत येऊ शकते, हेही.

"आणि नाही आली परत, तर किती वर्षं?" बायकोनं विचारलं.

"आकडा नाही सांगणार मी," सर्जनबाई म्हणाल्या.

खालीवरला त्या तिथंच आवडल्या. अडकलेल्या माणसाला त्यानंही कधी आकडा सांगितला नव्हता. पाच मिनिटं म्हटलं की सहावं मिनिट शिव्यांचं असतं.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि चार-पाच दिवसांत पुन्हा टांगणीला लागला. आतलं पाणी बाहेर यावं म्हणून पोटात ठेवलेल्या नळीच्या पिशवीत हिरवट-पिवळं पाणी उतरायला लागलं. आतडं आणि पित्तनळीचा जोड गळत होता. जन्मभर जोड तपासलेल्या माणसाला हे कसं पटावं! "जोड गळतोय म्हणजे काम कच्चं," तो ग्लानीतसुद्धा कुरकुरला. सर्जनबाईंनी ते ऐकलं. रागावल्या नाहीत. "लोखंडाला लोखंड नाही जोडलेलं मी. बोटाएवढीही जाडी नसलेल्या ओल्या नळीला शिवलंय. कुणाकुणाचं गळतं. वाट बघायची," म्हणाल्या.

मग काय, दुष्काळात तेरावा महिना. गळलेल्या पित्तात पू झाला, त्यासाठी दुसरी नळी घातली, ताप चढला, उतरला, चढला. जेवण दिसलं की पोट ढवळे. दोन्ही बाजूंना नळ्या असल्यामुळं कुशीवर वळायची सोय नव्हती. छतावर पाण्याचा एक डाग होता, तो बघत तो आठवडेच्या आठवडे उताणा पडून राहिला. शेजारच्या खाटेवर हाच आजार झालेला एक घड्याळजी होता. त्याचंही ऑपरेशन त्याच सुमाराला झालेलं. त्याचं काही गळलं नाही, कुठं पिकलं नाही. तो स्वतःच्या पायांनी घरी गेला, जाताना खालीवरच्या उशाशी दोन संत्री ठेवून गेला. पुढं दीड वर्षात त्याची गाठ परत आली आणि तो गेला. ज्याचा जोड गळला तो राहिला, ज्याचा टिकला तो गेला. ह्यात न्याय शोधायला जाणाऱ्यानं आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

खालीवर राहिला, पण कसा? तर कंपनीच्या तळघरातल्या खोलीत. लिफ्टमधलं धोक्याचं बटण दाबलं की फोन त्या खोलीत वाजतो. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, कॉम्प्युटरचा एक पडदा, कानाला लावायचं यंत्र आणि त्याची टेबलाला बांधलेली वायर. वायर जेमतेम कपाटापर्यंत पुरे. शहरभर अडकलेली माणसं त्याच्या कानात ओरडत आणि तो त्यांना "हवा येतेय, घाबरू नका, दार उचकटू नका, मी इथंच आहे" असं सांगत बसे. मग जाड्याला किंवा दुसऱ्या कुणाला फोन करून तिकडं पाठवी. सुटका दुसऱ्यांनी करायची आणि ह्यानं ऐकायचं. बंद शाफ्टमध्ये ज्याला कधी कोंडल्यासारखं झालं नाही, तो त्या खोलीत मात्र पुरता कोंडला.

घरीही तेच. आतून शिवलेला जोड बरा होता होता आक्रसला होता. पित्त तुंबलं की त्यात जंतू वाढत आणि अचानक हुडहुडी भरून ताप येई. असं वर्षातून दोनतीनदा व्हायचं. सर्जनबाईंनी बजावून ठेवलं होतं, "ताप आला की गोळी घेऊन घरी बसायचं नाही. तडक इकडे. ह्यात माणूस दिवसात जातो." आणि तासाभराच्या पलीकडं कुठं जायचं नाही. मग बहिणीकडं जाणं सुटलं, कारण तिचं गाव लांब. भाच्याचं लग्न फोनवर बघितलं. बायको सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर घेऊन उभी. तो शिंकला तरी ती कपाळाला हात लावून बघे. तिच्या मायेला नावं ठेवायची सोय नव्हती आणि त्या मायेत श्वासही घेता येत नव्हता.

अशात कंपनीच्या डॉक्टरांनी एक दार किलकिलं केलं. सहा महिने ताप न येता, दवाखान्यात भरती न होता काढले, तर खालीवरला पुन्हा शाफ्टचं काम देऊ. झालं! ह्या माणसाला जगायला एवढं पुरलं. त्यानं तेलकट बंद केलं, वेळेवर झोपायला लागला, तळघराच्या पायऱ्या दोनदोनदा चढून पायांत ताकद आणू लागला. जाड्याला म्हणाला, "माझा पट्टा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." पट्टा म्हणजे टपावर काम करताना कमरेला बांधायचा, पडलं तर धरून ठेवणारा. पाच महिने छान गेले. गाठ परत आली नव्हती, ताप नव्हता, चेहऱ्यावर मांस आलं होतं.

आणि सहाव्या महिन्यात, एका संध्याकाळी कामावरून निघताना, त्याच्या पाठीवरून गार पाण्याचा ओघळ यावा तसं झालं.

काय आहे ते त्याला तेव्हाच कळलं. न कळायला तो काय दूधखुळा होता? त्यानं टेबलाचा खण उघडला. डोकेदुखीसाठी ठेवलेल्या तापाच्या गोळ्या होत्या, त्यांतल्या दोन घेतल्या. घाम सुटला, अंग हलकं झालं. घरी थर्मामीटर लावला तेव्हा पारा जागच्या जागी होता. "नाही हं ताप," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो थर्मामीटरच्या वेळा सांभाळून गोळ्या घ्यायला लागला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ज्या गोष्टीसाठी त्यानं जाड्याला इतकी वर्षं फैलावर घेतलं, तीच गोष्ट तो स्वतःच्या अंगावर करत होता. लाल दिवा विझवायचा आणि लिफ्ट चालू. थोडेच दिवस काढायचेत, नंतर दाखवू, असं तो मनाशी म्हणे. राग येतो त्याचा. पण ज्यानं त्या खोलीत बसून बघितलेलं नसेल, त्यानं फार रागवू नये.

त्यातच एका दुपारी त्यानं जाड्याला गळ घातली. "एकदा टपावर ने. हात लावणार नाही कशाला."

"साहेबांनी बघितलं तर माझी वाट लागेल."

"साहेब कधी शाफ्टमध्ये आलाय का जन्मात?"

जाड्या हसला आणि तिथंच फसला. एका जुन्या इमारतीत दोघं टपावर चढले. जाड्यानं लिफ्ट सावकाश खाली सोडली. काळोखात रोप सरसरत होते, एकेका मजल्याच्या दाराची फट उजळून वर निघून जात होती. "चौथ्यावर घासतंय," खालीवर डोळे मिटून म्हणाला. घासत होतं. त्याला रडू फुटलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. त्याच्या पोटात तेव्हा दोन गोळ्या होत्या आणि अंगात ताप होता. जाड्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, तळघरात फोन वाजला. खोलीतला दुसरा माणूस जेवायला गेला होता. पलीकडं एक बाई होती, घरोघर जाऊन स्वयंपाक करणारी, आवाजात भलतीच धार असलेली.

"अहो, तुमची लिफ्ट मधेच थांबलीय! माझी अजून दोन घरं राहिलीत!"

"मावशी, आत हवा येतेय. दार उचकटू नका. माणूस निघतोय."

त्यानं जाड्याला तिकडं पाठवलं आणि पुन्हा मावशींच्या फोनवर आला. तेवढ्यात हुडहुडी भरली. ह्या खेपेला ओघळ नव्हता, सगळं अंगच खुर्चीसकट थडथडायला लागलं. गोळ्या खणात होत्या. बोटांना खणाची मूठ धरवेना. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

"म-मावशी, मी इथंच आहे."

"तुमचे दात का वाजतायत?"

"एसी आहे इथं."

"एसीनं माणूस असा नाही बोलत. ताप भरलाय तुम्हाला. जवळ कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग फोन ठेवा आणि हाक मारा कुणाला तरी!"

"ठेवता येत नाही. तुम्ही आत आहात."

"मी आत आहे ते दिसतंय मला," मावशी म्हणाल्या. "तुम्ही तरी कुठं बाहेर आहात?"

मावशींनी मग त्याला दम द्यायला सुरुवात केली. झोपायचं नाही, बोलत राहायचं, घरी कोण आहे सांगा, बायकोचं माहेर कुठलं, पोरं किती. तो सांगत राहिला. पोरं नाहीत म्हणाला. मग त्याची जीभ जड झाली आणि शब्द एकमेकांत अडकायला लागले. तिकडं जाड्यानं लिफ्ट मजल्याला आणून दार उघडलं तर आतली बाई त्याच्याच अंगावर ओरडली, "माझं काय बघताय? फोनवरच्या त्या माणसाला बघा, मरतोय तो!" जाड्यानं ऑफिसच्या रखवालदाराला फोन केला. खालीवर टेबलाखाली सापडला. कानाचं यंत्र वायरीसकट गळ्यात होतं.

रक्तात जंतू पसरले होते. नाडी हाताला लागत नव्हती. रात्रीतून काही होऊ शकतं, असं बायकोला सांगण्यात आलं. बरगड्यांमधून सुई घालून यकृतात नळी सोडली, तेव्हा तुंबलेलं पित्त गढूळ, घाण वासाचं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी तो माणसांना ओळखायला लागला.

सर्जनबाई खाटेशी उभ्या राहिल्या. "गाठ परत आलेली नाही. तीही शंका होती, सगळ्या तपासण्या केल्या. जोड फार अरुंद झालाय. फुग्यानं रुंद करत जाऊ. नळी राहील. दर काही महिन्यांनी बदलावी लागेल."

"आणि शाफ्ट?"

त्यांना तो शब्द माहीत नव्हता. त्यानं समजावून सांगितलं. उंची, काळोख, कमरेचा पट्टा.

"नाही," त्या म्हणाल्या.

"कधीच?"

"कधीच म्हणायची मला सवय नाही. पण तुम्ही त्याची वाट बघत राहू नका."

संध्याकाळी जाड्या आला. खाटेच्या दांडीशी चाळा करत उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी टपावर भरली असती हुडहुडी, तर? मी शेजारी उभा राहून बटण दाबत होतो रे." शिवी देईल असं खालीवरला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. जाड्या नुसताच निघून गेला.

बायको भिंतीकडच्या स्टुलावर बसली होती. सगळं तिच्यासमोरच झालं होतं. खालीवर छताकडं बघत म्हणाला, "मी फसवलं तुला. गोळ्या खाऊन थर्मामीटर लावत होतो. मला परत वर जायचं होतं गं. त्या खोलीत मी मेलो होतो."

त्याला वाटलं, आता ही रडेल किंवा ओरडेल.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"रात्री तुमच्या अंगाखालची चादर घामानं भिजायची. सकाळी मीच बदलायचे. मला काय कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस? ओढत आणायचं होतंस इथं."

"जिना चढताना शिट्टी वाजवत येत होतात तुम्ही." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "लग्न झालं तेव्हा वाजवायचात तशी. ऑपरेशनपासून ऐकलीच नव्हती मी. मला वाटलं, आज राहू दे, उद्या बोलू. उद्या आला की पुन्हा वाटायचं, आज राहू दे. मारलं असतं मी तुम्हाला. त्या शिट्टीपायी."

आपण शिट्टी वाजवत होतो हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं हात पुढं करायला बघितलं, पण ती बसली होती उजवीकडं आणि नळी उजव्याच बरगडीतून निघाली होती. जरा कलला तरी कळ येई.

"इकडून ये," तो म्हणाला. "त्या बाजूला मला वळता येत नाही."

ती स्टूल उचलून खाटेला वळसा घालून डावीकडं आली.